किल्ली कोणाकडे?

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. आपल्याच जिल्ह्यातलं मोठं मंगल कार्यालय. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण सत्तरी उलटलेल्या जिभेला जरा वेळ द्या!) दारात मेटल डिटेक्टरची चौकट उभी. येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातल्या किल्ल्या आणि मोबाईलमुळे ती टीं टीं करत होती आणि शेजारचा रखवालदार कुणाकडेही न बघता तंबाखू मळत होता. ते सोडा. जेवणाच्या हॉलचं मागचं दार बघितलं, तर त्याला साखळी आणि कुलूप!

"किल्ली कोणाकडे?"

"मॅनेजरसायबांकडं."

"ते कुठायत?"

"घरी गेलेत जेवायला, गुरुजी."

आत हजारभर माणूस, पलीकडे भटारखान्यात पेटलेल्या गॅसच्या टाक्या. जावईबापूंना सांगितलं तर म्हणाले, "अहो मामा, लग्नाला आलात, दोन घास सुखानं खा. अतिरेक्यांचं काय ते पोलीस बघतील."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. पोलीस बघतील, अग्निशमनवाले बघतील, पण ते यायच्या आधीच्या दहा मिनिटांत कोण बघणार? त्या वेळी तिथे असतो तो हाच तंबाखू मळणारा रखवालदार, वाढपी, फुलवाला, शाळेत असेल तर शिपाई. आणि त्याला आपण काय शिकवलंय? चौकटीची वायर प्लगमध्ये खोचायला!

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवा. सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा लोकलच्या वेळा सांगणारे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमध्ये होते. हातात शस्त्र नाही. ते माइकवरून प्रवाशांना सांगत राहिले की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या केबिनवरही गोळ्या आल्या. कितीतरी माणसं वाचली, कारण या गृहस्थांना बाहेर पडायची वाट ठाऊक होती, माइक हाताशी होता आणि तो वापरायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. आपल्या गावच्या यात्रेत माइक कोणाकडे असतो? देणगीदारांची नावं वाचणाऱ्याकडे.

याउलट पुण्याची जर्मन बेकरी, फेब्रुवारी 2010. टेबलाखाली बेवारस पिशवी, आणि वेटरने ती उघडायला घेतल्यावर स्फोट झाला असं तेव्हा सांगितलं गेलं. 17 जण गेले. त्या पोराचा काय दोष? बेवारस पिशवीला हात लावायचा नाही, माणसं लांब करायची आणि पोलिसांना कळवायचं, एवढं तरी त्याला कोणी कधी बसवून सांगितलं असेल का?

आणि दरवेळी अतिरेकीच लागतो असंही नाही. मांढरदेवीला जानेवारी 2005 मध्ये कुठला अतिरेकी होता? अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि मावेना एवढी गर्दी. तीनशेच्या आसपास माणसं मेली. आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात 6 नोव्हेंबर 2021 ला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 11 रुग्ण गेले. भंडाऱ्यात 10 नवजात बाळं गेली ती त्याच वर्षी जानेवारीत. तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचा गाजावाजा झाला होता. कागद तयार झाले असतील हो, पण कागदाने आग विझत नाही.

2025 च्या मे महिन्यात शिर्डीच्या मंदिराला ईमेलवरून धमकी आली. त्यानंतर जो तो विचारत होता, कॅमेरे किती वाढवले? दर्शनरांगेत अडकलेल्या म्हातारीला बाहेर कसं काढणार, हे विचारणारा मला कोणी भेटला नाही. नाशिकचा 2027 चा सिंहस्थ आला की तिकडची गर्दी शिर्डी आणि शिंगणापूरलाही येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसऱ्याला बोलतोय तर स्वतःचंही सांगतो. नोकरीत असताना स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेचं मागचं फाटक मीच बंद करायचो. पोरं कार्यक्रम सोडून पळतात म्हणून! किल्ली माझ्या खिशात आणि मी स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी. पुढे मांडव, पडदे, उघड्या वायरी, आणि समोर सगळी शाळा. एवढी वर्षं काही झालं नाही ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. 2004 मध्ये कुंभकोणमच्या शाळेत 94 मुलं जळून गेली, ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

खर्चाचं म्हणाल, तर कुलूप काढायला पैसे लागत नाहीत. वर्षातून दोनदा नोकरांना गोळा करून कोणी कुठल्या दाराशी उभं राहायचं ते करून बघायला अर्धा तास लागतो. ते लाल सिलिंडर भिंतीवर नुसतं टांगण्यापेक्षा एकदा प्रत्येकाच्या हातात देऊन चालवून घ्या. आम्ही कवायत घेत होतो तशीच ही कवायत. पण चौकटीचं उद्घाटन करता येतं, फोटो छापून येतो. कवायतीचं काय छापणार!

असो. पुतणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, आमंत्रणं येतीलच. कार्यालयाच्या मालकांना मी आत्ताच फोन केला की मागचं दार उघडं हवं. ते म्हणाले, "गुरुजी, चपला चोरीला जातात." तेव्हा मंडळी, त्या दिवशी मागच्या दाराशी चपला राखायला मी स्वतः खुर्ची टाकून बसणार आहे. भेटायचं असेल तर तिकडेच या.