बर्फ पडावा की पडू नये?

कॅलगरीहून शनिवारी अंधारातच निघणाऱ्या आमच्या गाडीत या एका प्रश्नावर आजवर एकमत झालेलं नाही. मी स्कीवाला. मित्र मूळचा नाशिकचा, सह्याद्रीच्या कड्यांवर हात बसलेला. त्याला गोठलेले धबधबे चढायचे असतात. ताज्या बर्फासाठी मी देव पाण्यात घालून बसतो, तर हा तेच देव बाहेर काढायच्या मागे. त्याचंही चूक नाही. धबधबा गोठतो तो घळीत, आणि घळीच्या डोक्यावर साठलेला बर्फ सुटला तर त्याच वाटेनं खाली येतो.

लेक लुईझपासून जॅस्परपर्यंत जाणारा आइसफील्ड्स पार्कवे हा 232 किलोमीटरचा रस्ता आमच्या दोघांच्याही हौसेचा. पहिला दिवस माझा. बो समिटला, म्हणजे या रस्त्याच्या सर्वांत उंच जागी, गाडी लावली आणि स्कीच्या तळाला स्किन चिकटवल्या. या पट्ट्यांची लव एकाच दिशेनं झुकलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढण्यात सकाळ जाते, उतरायला काही मिनिटं पुरतात. हिशेबी माणसानं या खेळाच्या वाटेला जाऊ नये.

उतरण्याआधी फावड्यानं खड्डा खणला. वरचा थर घट्ट, फावड्याला दाद न देणारा. तळाशी मात्र जाड साखरेसारखे सुटे कण. मूठ भरली की बोटांतून ओघळून जातात. रॉकीजमध्ये बर्फाचा थर पातळ आणि थंडी कडक. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वरची हवा उणे पंचवीस. खालची वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, टोकदार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. अशा तळावर घट्ट थर बसला की डोंगर वरून अगदी सज्जन दिसतो.

1 फेब्रुवारी 2003 रोजी रॉजर्स पासजवळ कॅलगरी परिसरातल्या एका शाळेच्या सहलीतली 7 मुलं हिमस्खलनात गेली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हिमस्खलन केंद्र उभं राहिलं. आजचं ‘अ‍ॅव्हलांच कॅनडा’ ते हेच. हिवाळाभर त्यांचं पत्रक रोज निघतं, धोक्याच्या पाच पायऱ्या सांगतं. त्या दिवशी तिसरी होती. माझ्या मते सगळ्यांत फसवी हीच. पहिलीला माणूस निर्धास्त जातो, पाचवीला घरी बसतो. तिसरीला वाद घालतो. आम्हीही घातला आणि झाडीतल्या सौम्य उतारावरच खेळून परतलो. शोधायला बीकन आणि प्रोब, उकरायला फावडं प्रत्येकाच्या अंगावर-पाठीवर होतंच, पण गाडलेल्या माणसाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत सोबत्यांनीच काढावं लागतं. बाहेरची मदत तोवर पोचत नाही.

रविवार मित्राचा. दुर्बिणीतून कड्यांवरच्या निळसर रेघा हेरत हळूहळू गाडी चालवायची. सह्याद्रीत पावसाळी रॅपलिंगला धबधबा जेवढा दांडगा तेवढी मजा, इथे उलटं. जोराचा प्रवाह धड गोठत नाही. खडकाच्या भेगांतून झिरपणारं पाणी थरावर थर चढवत जातं, आणि तोच बर्फ चढायला भरवशाचा. सिरस पर्वतावरची ‘वीपिंग वॉल’ अशाच झिरपीची, रस्त्यावरूनच दिसते.

आम्ही हेरलेली पहिली रेघ घळीत निघाली आणि वर भलामोठा बर्फाळ वाडगा. मित्रानं मान वर केली, “चल, काढता पाय घे,” म्हणाला. दुसरीकडे कुऱ्हाड मारली तर पोकळ आवाज आला. आत पाणी वाहत होतं. तिसरा खांब बुटका, झाडीत दडलेला, डोक्यावर काही नाही. थंडीनं बर्फ इतका ठिसूळ की कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला थाळीएवढा कपचा उडून हेल्मेटवर आदळे. तरी आइस स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट फिरला आणि मित्र खूश. खाली दोर धरून उभ्या माझी मात्र बोटं बधिर.

नाताळात इकडे नातेवाइकांकडे येणाऱ्यांना हा रस्ता बघायचा मोह होतोच. जरूर जा, पण पेट्रोलची टाकी लेक लुईझलाच भरा. हिवाळ्यात जॅस्परपर्यंत मध्ये पंप नाही, बहुतेक रस्त्यावर फोनला रेंज नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत.