ताजा रंग, जुने घर

चिखलीत आम्ही जुने घर घेतले ते ऐन हिवाळ्यात. अम्मीने विचारले, "काही ऐब?" मालक नुसते हसले. मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघाली, बोट जाईल एवढी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया उथळ असला की भिंत हलणारच.

म्हणून घर उन्हाळ्यात पाहावे. दार चौकटीत अडते का? एखाद्याच ठिकाणी ताजी पुट्टी का? पाया मुरमापर्यंत गेला आहे का, हे बयाणा देण्याआधी जाणत्या मिस्त्रीला किंवा इंजिनिअरला दाखवून घ्यावे.

रेरा कायद्याखालच्या नव्या प्रकल्पात ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. आमचे घर जुने. गवंड्याची मजुरी आम्हीच दिली.