ताई, ते विधेयक पुन्हा मांडा
खासदार सुप्रिया सुळे यांना खुले पत्र

महाळुंगे (ता. खेड, जि. पुणे)
20 जून 2024

आदरणीय सुप्रियाताई,


बारामतीतून चौथ्यांदा निवडून आलात, अभिनंदन. महाळुंगे शिरूर मतदारसंघात येतं, त्यामुळे तुमच्यावर माझा मतदार म्हणून हक्क नाही. तरीही तुम्हालाच लिहितेय, कारण 1 एप्रिल 2022 रोजी तुम्ही लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 'पती-पत्नी'च्या जागी 'जोडीदार' म्हणावं आणि समलिंगी जोडप्यांनाही लग्न नोंदवता यावं, असं त्यात होतं.

पुढच्या तीन महिन्यांत राज्यातलं सरकार कोसळलं. 2 जुलै 2023 ला तुमचा पक्ष फुटला, मग पक्षाचं नाव गेलं, घड्याळ चिन्ह गेलं. यंदा तर निवडणुकीत तुम्ही नणंद-भावजय एकमेकींसमोर उभ्या राहिलात. या सगळ्या धुमश्चक्रीत जुनी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही बाद झालं. कुणी हळहळल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. 24 तारखेला नवी लोकसभा भरतेय. ते पुन्हा मांडा, एवढीच विनंती.

मी चाकण एमआयडीसीत कामाला आहे, माझी जोडीदारही इथेच. घरमालकाच्या लेखी आम्ही मावसबहिणी. लग्नाचा विषय निघाला की लोकांना मांडव आणि वाजंत्री आठवतात, मला पीएफचा नॉमिनेशन फॉर्म आठवतो. भविष्य निर्वाह निधी योजनेचा परिच्छेद 61 सांगतो की सभासदाला कुटुंब असेल तर वारस त्यातलाच हवा, बाहेरचं नाव दिलं तर ते अवैध. कुटुंब म्हणजे नवरा, मुलं, अवलंबून असलेले आईवडील आणि सासूसासरे. माझी आई माझ्या पगारावर जगते, म्हणजे मला कुटुंब आहे. म्हणूनच जोडीदाराचं नाव लावता येत नाही. ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) कार्डावरही ती बसत नाही. पॉवर प्रेसवर बोटं गमावणारे कामगार या पट्ट्यात नवे नाहीत. ईएसआयबाहेरच्या कामगाराचा जीव गेला तर 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागतो. त्यातल्या अवलंबितांच्या यादीत विधवा सुनेपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना जागा आहे, आमच्यासारख्यांच्या जोडीदाराला नाही.

न्यायालयाची वाट चालून झाली. 6 सप्टेंबर 2018 ला नवतेज जोहर खटल्यात 377 कलमानं आमच्यावर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला. 17 ऑक्टोबर 2023 ला, सुप्रियो खटल्यात, पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्नाचा मूलभूत अधिकार नाही आणि कायदा करणं संसदेचं काम आहे. यंदा एप्रिलमध्ये केंद्रानं आमच्या हक्कांबाबत मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशी येतील तेव्हा येतील.

त्यात 1 जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू होतेय. तिच्यात 377 कलम नाहीच. आनंद मानावा, तर 2018 नंतर त्या कलमाचा जो भाग उरला होता, तो पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली तर दाद मागण्यासाठीही होता. तोही गेला. इथल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहणाऱ्या पोरांपैकी कुणावर तसा प्रसंग आला, तर महाळुंग्याच्या पोलिसांनी नुसतं मारहाणीचं कलम लावायचं का? हा प्रश्नही सभागृहात विचारा.

लोक म्हणतील, हे आत्ताच कशाला? आरक्षण पेटलंय, कांद्याचा प्रश्न सुटलेला नाही, विधानसभा तोंडावर आहे. पण निवांत वेळ महाराष्ट्रात कधी होता? 30 जुलै 2018 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बसगाड्या जळाल्या, आणि सव्वा महिन्यानं 377 चा निकाल आला. त्याआधीचं सांगायचं तर 1934 मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, हा त्यांचा गुन्हा. समलिंगी संबंधांचा विषयही त्या प्रश्नांत होता. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. पुणे कराराला दोनच वर्षं झाली होती, येवल्याची धर्मांतराची घोषणा पुढच्या वर्षीची. हातात इतकं मोठं काम असताना त्यांनी हा प्रश्न किरकोळ मानला नाही. खटला हरले, पण उभे राहिले.

1970 नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मांडा. विधेयक कामकाजात असलं की बाकीच्या पक्षांना निदान विचारता येतं, तुम्ही कुठल्या बाजूला? आणि परिच्छेद 61 साठी तर संसदेचीही गरज नाही, केंद्र सरकारची अधिसूचना पुरते. कामगारमंत्र्यांना त्याबद्दल एक पत्र धाडा. तुमच्या पक्षानं 2020 मध्ये एलजीबीटी सेल काढला होता. त्याची आठवण ठेवून विधानसभेच्या जाहीरनाम्यात कामगारांच्या पानावर या मागणीची एक ओळ घाला.

खाली नाव लिहिलेलं नाही, राग मानू नका. खासगी कंपनीनं मला याच कारणावरून घरी बसवलं तर थेट अडवणारा कायदा आज नाही. तो झाला की पुढचं पत्र सहीनिशी पाठवीन.

आपली,
चाकण एमआयडीसीतली एक कामगार