पाटीवरच्या आकड्याखाली नावं लिहा

रत्नागिरी, सातारा जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. किती ते कळतं, कोण ते कळत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: त्या आकड्याखाली आता नावं लिहिली गेली पाहिजेत. ती सापडू शकतात. आमच्या घरातलं एक मी शोधून काढलं आहे.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ घरात ‘बसऱ्याचे आजोबा’ म्हणूनच ओळखले जात. तिथी ठाऊक नसल्याने त्यांचं पान सर्वपित्रीला वाढलं जाई. ते लढाईला गेले आणि परत आले नाहीत, यापलीकडे कुणाला काही सांगता येत नसे.

माझी सगळी नोकरी तलाठ्याची, त्यामुळे आधी जमिनीचे कागद काढले. एका जुन्या फेरफारात ओळ मिळाली: धाकटा भाऊ बिनवारस मयत, हिस्सा थोरल्याकडे. तारीख नाही, ठिकाण नाही. अशी नोंद एकदा मंजूर झाली की पुढच्या एकाही उताऱ्यावर तो माणूस दिसत नाही. जमीन कुणाकडे गेली ते दप्तर सांगतं. माणूस कुठे गेला, हे ते विचारतच नाही.

वाट सापडली ती आत्याच्या ट्रंकेतल्या चांदीच्या पदकामुळे. पहिल्या महायुद्धाच्या अशा पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कड झिजली होती. तिच्यावर खडूची पूड चोळली, पदक उन्हात तिरकं धरलं आणि भिंगातून एकेक अक्षर लावत गेलो. पलटण निघाली ११० वी मराठा.

ही पलटण पुणे डिव्हिजनमधली, म्हणजे इंग्रज जनरल टाउनशेंडच्या फौजेतली. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी या फौजेला आजच्या इराकमधल्या कूट गावात वेढलं. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. घोडे मारून खायची वेळ आली, तेव्हा धर्म बुडेल म्हणून अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं आणि ते उपाशी राहिले. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली आणि त्यांत हिंदीच बहुसंख्य होते. भर उन्हाळ्यात त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत आणि रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर पुष्कळजण मेले.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मृतांची नावं इंटरनेटवर फुकट शोधता येतात. तिथे आमचे आजोबा सापडले: नंबर, पलटण, वडिलांचं नाव, गाव, तालुका, आणि ऑगस्ट १९१६ मधली मृत्यूची तारीख. तारीख शरणागतीनंतरची, म्हणजे बहुधा ते कैदेतच गेले. त्याच नोंदीत ‘अमुकीचा नवरा’ असंही लिहिलेलं होतं. आमच्या घरी सगळे त्यांना अविवाहित समजत. बहुधा ती माहेरी परतली असेल, पुढे तिचा पाट लागला असेल. पलटणीच्या कारकुनाने तिचं नाव टिपलं, आमच्या घराने टिपलं नाही.

आणि तरीही या मोहिमेतल्या मृतांसाठी इराकमध्ये बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर आजोबांचं नाव नाही. तिथे गोऱ्या शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार संख्याच दिली. या विषमतेबद्दल कमिशनने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. साहेबाने बसऱ्यात आकडा लिहिला, तसाच तो आपल्या भिंतींवरही आहे. आपल्या भिंतीवर तो तसाच ठेवण्याचं आपल्याला काहीही कारण नाही.

काहीजण म्हणतील, इंग्रजांच्या लढाईत मेलेल्यांचं आता काय कौतुक? लढाई इंग्रजांची होती, हे खरंच. पण माणसं आपली होती. कोरडवाहू तुकड्यावर भागत नव्हतं म्हणून ती पलटणीत गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या बायका, आईबाप इथलेच. नाव लिहिणं म्हणजे साम्राज्याचा गौरव नव्हे. आपल्या घराची अर्धवट राहिलेली नोंद आपण पुरी करतो, इतकंच.

शोधणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी. यादीत आडनाव बहुतेक वेळा नसतं, फक्त शिपायाचं आणि त्याच्या बापाचं नाव असतं. गावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानाला आलं तसं असतं, म्हणून एकच गाव चार तऱ्हांनी लिहून पाहा, तालुक्यावरूनही पाहा. घरातली जुनी पदकं सोनाराकडे किंवा मोडीत देण्याआधी त्यांची कड वाचा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुषांनी जपलेल्या वंशावळीत नसलेली माणसं बायकांच्या बोलण्यात असतात.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही. शाळेतल्या मुलांना इंटरनेट वापरता येतं, म्हाताऱ्यांना घराणी ठाऊक असतात आणि ग्रामपंचायतीकडे भिंत आहे. तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा, ठराव करा आणि मिळतील तेवढी नावं जुन्या पाटीखाली नव्या पाटीवर कोरा. सगळी मिळेपर्यंत थांबू नका. मिळालेली आधी लावा, उरलेल्यांसाठी जागा मोकळी ठेवा.