हक्कामागील अभ्यास

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्याचे श्रेय केवळ कायद्याला देणे योग्य होणार नाही. कायद्याच्या कितीतरी आधीपासून येथे अभ्यासगट चालत होते. ग्रामस्थ आणि बाहेरचे जाणकार जंगल, मधमाश्या, कायदेकानू यांचा एकत्र विचार करीत. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसंमतीने घेई. १९२७ च्या वन अधिनियमात बांबू ‘वृक्ष’ होता. नव्या कायद्याने तो गौण वनोपज ठरविला. हा भेद जाणणाऱ्या गावानेच बांबूवर हक्क सांगितला आणि २०११ साली वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळविला.

अर्थशास्त्रात भूमी, श्रम व भांडवल यांची गणना होते. सामुदायिक ज्ञान मात्र हिशेबाबाहेर राहते. वास्तविक तेच नसेल, तर हक्कपत्र हाती असूनही सौद्याच्या अटी ठेकेदारच ठरवील. म्हणूनच शासनाने हक्कपत्रांबरोबर नकाशे, नोंदी व कायद्याची माहिती ग्रामसभांना त्यांच्या भाषेत उपलब्ध करून दिली पाहिजे. अभ्यास मात्र गावालाच करावा लागेल. तो शासकीय आदेशाने होत नाही.