धाब्याचे घर आणि आमची हळहळ

मराठी ललित लेखनात 'हरवलेले गाव' हा विषय एव्हाना इतका रुळला आहे की, त्यातील हळहळ कोणाची, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. शिकून नोकरीला लागलेला मुलगा गावी परततो, जुने घर बदललेले पाहतो आणि खंतावतो. वर्गात असे लेख शिकवताना आम्हीही त्या खंतीची बाजूच घेत आलो. यंदा कोरीटला गेलो, तेव्हा मात्र ती तपासून पाहण्याची वेळ आमच्यावर आली.

नंदुरबार तालुक्यातील कोरीट हे आमचे गाव. घर धाब्याचे. जाड मातीच्या भिंती, वर मातीचेच सपाट छत. वैशाखातही आत गारवा असतो. दादाने ते पाडून स्लॅबचे घर बांधायचे ठरवले आहे. आम्ही हरकत घेतली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दिवाळीला चार दिवस येता. पावसाळ्याआधी धाब्यावर माती आम्हांला चढवावी लागते, आणि तरी रात्री गळतीखाली भांडी लावत बसावे लागते." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

नेमाड्यांच्या 'हिंदू'मधील (२०१०) खंडेरावही वडिलांच्या आजारपणाची बातमी कळून मोरगावला परततो. त्या कादंबरीने आपल्या उपशीर्षकातच 'समृद्ध' आणि 'अडगळ' हे शब्द शेजारी ठेवले आहेत. आमच्या घराच्या बाबतीत पहिला शब्द आम्ही घेतला आणि दुसरा वहिनींच्या वाट्याला टाकला, असे आता वाटते. शिवाय बालपणीचे घर सोडण्याचा अनुभव वहिनींना आमच्याआधीच आलेला आहे. खानदेशातल्या सासुरवाशिणी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि परत जातात. असोद्याहून जळगावला नांदायला आलेल्या बहिणाबाईंच्या कवितेत माहेर किती खोल रुजले आहे, हे आपण शिकवतोच. परंतु परतीच्या व्यथेवर लिहिताना आपला नायक बहुधा शिकलेला पुरुषच असतो.

आमच्याच जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात तेथील लोकांची घरे गेली. बदललेल्या घरी परतणेही त्यांना शक्य नाही. त्यांच्या दुःखापुढे आमची हळहळ लहान आहे. ती खोटी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गारव्याची आठवण खरीच आहे. तिच्या बळावर त्या घरात राहणाऱ्यांना अडवण्याचा अधिकार मात्र आम्हांला मिळत नाही. विद्यार्थ्यांनीही स्मृतिलेख वाचताना एवढे जरूर विचारावे: आठवण कोणाची, आणि त्या घरासाठी राबले कोण?

आम्ही हरकत मागे घेतली. काम आखाजीनंतर सुरू करावे, एवढेच दादाला सुचवले. बहिणींना जुन्या घरी एकदा येऊन जाता येईल. वहिनींनी ते लगेच मान्य केले.