आर्क्टिक लाटांवरची ऊब कोणाच्या जिवावर?

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी लाप्लास नावाचे एक गाव आहे. तेथील डेंका या जपानी कंपनीच्या कारखान्याने मे २०२५ मध्ये आपले उत्पादन बेमुदत स्थगित केले. अमेरिकेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार करणारा हा एकमेव कारखाना होता. एरवी ही बातमी अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यातच राहिली असती. परंतु या कारखान्याचा एक धागा थेट आर्क्टिक वृत्तापलीकडील लाटांपर्यंत जातो.

नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहातील उन्स्ताद हे खेडे ६८ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. अवघी काही घरे, मागे उभे कडे आणि बोगद्यातून येणारा एकच रस्ता. अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे येथील समुद्र गोठत नाही. हिवाळ्यातही पाण्याचे तापमान चार-पाच अंशांच्या आसपास असते. उत्तर अटलांटिकमधील वादळांमुळे उठणाऱ्या सर्वांत मोठ्या लाटा नेमक्या याच काळात येतात. म्हणजे डिसेंबरमध्ये सूर्य काही आठवडे क्षितिजावर येतच नाही, तेव्हा सर्फिंगचा हंगाम ऐन भरात असतो! १९६३ साली थोर फ्रांत्सेन आणि हान्स एगिल क्राने या दोन तरुणांनी येथे पहिल्यांदा लाटेवर स्वारी केली. बीच बॉइज या गायकवृंदाच्या तबकडीच्या वेष्टनावरील छायाचित्र पाहून त्यांनी फळ्या घरीच तयार केल्या, असे सांगितले जाते. त्यानंतर कित्येक वर्षे या किनाऱ्याकडे कोणी फिरकले नाही. आज येथे सर्फिंगची शाळा आहे, स्पर्धा भरते आणि जगभरातून पर्यटक येतात.

हा बदल कशामुळे झाला? माणसाची सहनशक्ती वाढली नाही, वेटसूट सुधारला. संरक्षणाशिवाय अशा पाण्यात उतरल्यास काही मिनिटांतच हातपाय निकामी होऊ लागतात. निओप्रीनच्या फेसाळ पत्र्यात नायट्रोजन वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात आणि तेच शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पोशाख, टोपी, हातमोजे आणि बूट चढविले की माणूस तासन्‌तास पाण्यात राहू शकतो. १९५०च्या दशकारंभी अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी हा पोशाख तयार केला, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक ओनील यांनी तो सर्फिंगच्या बाजारात आणला. जनकत्वाचा मान कोणाचा, यावर आजही वाद घालणारे आहेत. तो येथे बाजूला ठेवू.

खरा प्रश्न निओप्रीन ज्या क्लोरोप्रीन रसायनापासून होते, त्याचा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये हे रसायन मानवात कर्करोगास कारणीभूत होण्याची शक्यता असल्याचे जाहीर केले. पाच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, हवेतील प्रदूषणामुळे कर्करोगाचा सर्वाधिक धोका असलेला देशातील भाग लाप्लासच्या या कारखान्याभोवतीचाच निघाला. आसपासच्या वस्तीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आहे. ड्यूपाँ कंपनीने तो कारखाना १९६०च्या दशकात उभारला आणि २०१५ मध्ये डेंकाला विकला. धोक्याचे गणितच चुकीचे आहे, अशी डेंकाची भूमिका राहिली. २०२३ मध्ये सरकारने कंपनीविरुद्ध खटला भरला. मात्र प्रशासन बदलल्यानंतर, मार्च २०२५ मध्ये, तो मागे घेण्यात आला. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत कारखाना थांबला, तोही तोटा, घटती मागणी आणि प्रदूषण नियंत्रणाचा खर्च ही कारणे देऊन. रहिवासी वर्षानुवर्षे ज्यासाठी झगडले, ते न्यायालयाऐवजी ताळेबंदाने घडविले, असे म्हणावे लागेल.

अर्थात सगळे खापर सर्फिंग करणाऱ्यांवर फोडणे न्याय्य ठरणार नाही. निओप्रीनचा मोठा वाटा मोटारींचे पट्टे, नळ्या, वेष्टने यांत जातो. वेटसूटचा हिस्सा लहानच. शिवाय जपान, चीन आणि जर्मनीतही ते तयार होते. तेव्हा लाप्लासची धुरांडी विझली, तरी बाजारातील पोशाख कमी होणार नाहीत. काही उत्पादक 'चुनखडीपासून बनविलेले' निओप्रीन पर्यावरणस्नेही म्हणून विकतात. त्यात खनिज तेलाऐवजी चुनखडी हा कच्चा माल असतो एवढेच. वाटेत क्लोरोप्रीन लागतेच. ग्राहकाची ही दिशाभूल होय.

पर्याय नाही असेही नाही. पॅटागोनिया कंपनीने २०१६ पासून आपल्या वेटसूटसाठी झाडाच्या चिकापासून मिळणारे रबर वापरले आणि हे तंत्र इतरांनाही खुले केले. तरीही मोठ्या उत्पादकांनी बराच काळ त्याकडे पाठ फिरविली. किंमत आणि लवचीकपणा या सबबी पुढे केल्या जातात. २०२४ मधील 'द बिग सी' या माहितीपटाने लाप्लासच्या रहिवाशांची व्यथा सर्फिंग करणाऱ्यांसमोर मांडली. निसर्गप्रेम मिरविणाऱ्या या समूहाची त्यामुळे अडचण झाली, हे बरेच झाले.

लोफोटेनचे स्वतःचेही प्रश्न आहेतच. सुमारे पंचवीस हजार लोकवस्तीच्या या बेटांवर उन्हाळ्यात पर्यटकांची रीघ लागते, आणि वाहनतळ, स्वच्छतागृहे, कचरा यांचा भार स्थानिक पालिकांवर पडतो. नॉर्वेच्या संसदेने जून २०२५ मध्ये अशा पालिकांना मुक्कामाच्या खर्चावर तीन टक्क्यांपर्यंत कर आकारण्याची मुभा दिली. त्या पैशातून किनाऱ्यावरची घाण निघेल. मिसिसिपीकाठच्या कुटुंबांनी इतकी वर्षे श्वासातून जे घेतले, त्याची वसुली मात्र कोणत्याही पालिकेच्या अखत्यारीत येत नाही. कारखाना कायमचा बंद करण्याचा निर्णय घेतला आहे, असे डेंकाने स्थगिती जाहीर करताना म्हटले नव्हते.